हंगामाच्या पहिल्या तीन शर्यती : दम होता, जागा नव्हती

मागचे चाक

यंदा प्रथमच मी हंगामाच्या अगदी सुरुवातीच्या सायकलच्या रस्ता-शर्यतींत उतरलो. पाच आठवड्यांत तीन शर्यती झाल्या. पहिल्या दोन मला पूर्ण करता आल्या नाहीत आणि तिसरी घोळक्याबरोबर संपवता आली. तिन्हींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर जे दिसले, त्याने माझा हिवाळाभराचा एक पक्का समज मोडला, म्हणून या मंचावर सविस्तर लिहितो आहे.

आधी तयारीविषयी. आठवड्याला साधारण नऊ तास सराव, त्यातला निम्म्याहून अधिक घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल बसवून जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर. बहुतेक वेळ एका लयीत, एका ताकदीवर, कधी वीस वीस मिनिटांचे दोन टप्पे, कधी दहा मिनिटांचे चार. पहिल्या शर्यतीच्या दहा दिवस आधी घेतलेल्या चाचणीत माझी एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी कमाल ताकद, २५५ वॉट भरली. माझे वजन ६८ किलो आहे. मागच्या वर्षीपेक्षा हा आकडा २० वॉटने जास्त होता आणि नवख्यांच्या गटात टिकायला तो पुरेसा असल्याचे ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी सांगितले होते. त्या सगळ्यांचे म्हणणे खरे होते, हे मला तिसऱ्या शर्यतीनंतर कळले.

तिन्ही शर्यतींचे स्वरूप जवळजवळ सारखे होते : पाच किलोमीटरची फेरी, अशा बारा फेऱ्या, प्रत्येक फेरीत पाच वळणे आणि एक लहानसा चढ. सुमारे साठ स्वार. पहिल्या शर्यतीत मी आरंभरेषेवर उशिरा पोहोचलो आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. साठ किलोमीटर पुढे पडले आहेत, हळूहळू वर सरकता येईल, असा माझा हिशेब होता. पहिल्या वळणालाच तो चुकला. वळणाच्या पन्नास मीटर आधी पुढून फ्रीव्हीलची, म्हणजे पेडल थांबवल्यावर मागच्या चाकातून येणारी, कटकट एकदम वाढत आली, पाठोपाठ ब्रेकचे आवाज आले, आणि आम्ही मागचे सगळे जवळजवळ थांबण्याच्या बेतात आलो. वळण घेऊन मान वर केली तेव्हा पुढचे दहाजण पूर्ण वेगाला लागलेले होते आणि त्यांच्यापर्यंतची रांग ताणून एकेरी झाली होती. सीटवरून उठून जीव खाऊन पेडल मारले तेव्हा कुठे पुढचे चाक हाती आले. हेच दुसऱ्या वळणाला झाले, तिसऱ्याला झाले, आणि प्रत्येक फेरीत पाच वेळा होत राहिले.

चौथ्या फेरीतले तिसरे वळण मला अजून स्पष्ट आठवते. माझ्या पुढच्या स्वाराच्या मागच्या टायरला एक चिकणमातीचा ठिपका लागला होता आणि मी बराच वेळ त्या फिरत्या ठिपक्याखेरीज काही पाहत नव्हतो. वळणानंतर आमच्यातले अंतर हातभर होते. मग ते एका सायकलीएवढे झाले, मग दोन सायकलींएवढे, आणि त्या क्षणी समोरचा वारा असा अंगावर आला की जणू कोणी आतापर्यंत बंद असलेले दार उघडले. मी वीस सेकंद ३८० वॉट दिले. अंतर कमी झाले नाही, वाढलेही नाही. एकविसाव्या सेकंदाला पाय उतरले आणि घोळका माझ्या डोळ्यांदेखत पुढच्या वळणाआड गेला. घड्याळात सव्वीस मिनिटे झाली होती.

घरी येऊन नोंद उघडली तेव्हा मी चक्रावलो. त्या सव्वीस मिनिटांची सरासरी ताकद अवघी २१४ वॉट होती. ट्रेनरवर २१४ वॉट मी दोन तास देऊ शकतो. नॉर्मलाइज्ड पॉवर, म्हणजे जोराच्या क्षणांना जास्त वजन देऊन काढलेली सरासरी, मात्र २६२ होती आणि आलेखात अठरा सुळके होते, म्हणजे घेतलेल्या प्रत्येक वळणाचा एक, आणि त्यातला प्रत्येक ५०० वॉटच्या वर.

दुसऱ्या शर्यतीला मी लवकर जाऊन तिसऱ्या रांगेत उभा राहिलो. पहिल्या दोन फेऱ्या पुढच्या वीसांत सहज गेल्या. पण दोन्ही बाजूंनी स्वार पुढे येत होते, खांद्याला खांदा लागेल इतके जवळून येत होते, आणि प्रत्येक वेळी मीच किंचित पेडल थांबवून त्यांना आत घेत होतो. एकाला जागा दिली म्हणजे एक जागा गेली, एवढे साधे गणित मला तेव्हा सुचले नाही. पाचव्या फेरीपर्यंत मी पुन्हा शेवटच्या दहांत होतो. त्यात पाऊस होता आणि बोटे इतकी बधिर झाली होती की खिशातल्या, शर्यतीत खायच्या जेलचे पाकीट दातांनीसुद्धा नीट फोडता आले नाही. आठव्या फेरीत पुढच्याचे चाक सुटले, म्हणजे मी मागे पडलो.

तिसऱ्या शर्यतीला मी एकच गोष्ट ठरवून गेलो : काहीही झाले तरी पहिल्या वीसांबाहेर जायचे नाही, आणि तेवढ्यासाठी अधूनमधून वाऱ्यात जावे लागले तरी जायचे. ती शर्यत ताशी ३८.७ किलोमीटर वेगाने संपली आणि मी तेविसावा आलो. सरासरी ताकद २०५ वॉट, नॉर्मलाइज्ड २३६. वेग पहिल्या दोन शर्यतींइतकाच होता, स्वार बहुतांशी तेच होते. पहिल्या शर्यतीत जास्त ताकद देऊन मी सव्वीस मिनिटांत बाहेर पडलो होतो आणि इथे कमी ताकद देऊन तासाभराहून अधिक काळ टिकलो. मधल्या काळात माझी एफटीपी बदललेली नाही, काही आठवड्यांत ती इतकी बदलतही नाही. हिवाळाभर मी ज्या आकड्याच्या मागे होतो तो आकडा या शर्यतींत मला फारसा कोणी विचारलाच नाही.

अनुभवी मंडळींना माझा प्रश्न असा आहे : घोळक्यात पुढे जागा धरून ठेवणे ही गोष्ट तुम्ही कशी शिकलात? तिचा वेगळा सराव करता येतो, की ती फक्त शर्यतींतच शिकावी लागते?

सातवा गिअर

उत्तम लिहिले आहे, आणि निदानही अचूक आहे. ज्याला तुम्ही सुळके म्हणता त्यामागचे गणित मांडतो, कारण ते एकदा डोळ्यांसमोर आले की मागे राहण्याचा मोह होत नाही.

वळणावर घोळका पेटीच्या भात्यासारखा मिटतो आणि उघडतो. समजा सरळ रस्त्यावर सगळे ताशी ४२ किलोमीटरने चालले आहेत. पहिले काही स्वार वळणाची रेघ स्वतः निवडतात, म्हणून त्यांचा वेग ३६ पर्यंतच उतरतो. त्यांच्या मागचा थोडा अधिक ब्रेक लावतो, त्याच्या मागचा आणखी थोडा, आणि शेवटच्या दहांचा वेग २७ पर्यंत येतो. सायकलीसह ८० किलो वजन धरले तर ३६ वरून ४२ ला परत येण्यासाठी सुमारे १,४५० ज्यूल ऊर्जा लागते आणि २७ वरून ४२ ला येण्यासाठी सुमारे ३,२००. आठ सेकंदांत वेग पकडायचा तर पुढच्याला त्यासाठी १८० वॉट वरखर्च येतो आणि मागच्याला ४००. वाऱ्याविरुद्ध लागणारी ताकद यात धरलेलीच नाही. ती मिळवली की तुमचे ५०० च्या वरचे सुळके तयार होतात. बारा फेऱ्यांत अशी साठ वळणे आहेत. दोन जागांमधला फरक शंभर किलोज्यूलहून अधिक होतो, आणि शर्यतीचा वेग दोघांसाठी तोच असतो.

सरासरी २१४ असूनही पाय का उतरले, याचेही उत्तर यातच आहे. एफटीपीच्या वरच्या कामासाठी शरीराकडे एक मर्यादित साठा असतो. बऱ्याच हौशी स्वारांचा तो १५ ते २० किलोज्यूलच्या आसपास असतो. एफटीपीच्या खाली आलो की तो हळूहळू भरतो, वर गेलो की भराभर रिकामा होतो. तुमच्या प्रत्येक वळणाला त्यातले दोन-अडीच किलोज्यूल जात होते आणि पुढचे वळण येईपर्यंत तेवढे भरून येत नव्हते. सरासरी काढताना ब्रेक लावलेले आणि पेडल थांबवलेले क्षणही मोजले जातात, म्हणून ती दिसायला सौम्य दिसते. नॉर्मलाइज्ड पॉवर तीस सेकंदांच्या सरकत्या सरासरीचा चौथा घात घेऊन काढतात, त्यामुळे सुळके तिथे लपत नाहीत.

मागे राहणाऱ्यांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, कारण मीही तो करत असे : मागे वारा कमी लागतो. ते खरेच आहे. २०१८ साली बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घोळक्याच्या आतल्या आणि मागच्या भागातल्या स्वारांना एकट्या स्वाराच्या तुलनेत हवेचा रोध अवघा ५ ते १० टक्क्यांपर्यंत खाली येतो असे दिसले. पण तो घोळका दाट होता आणि सरळ एका वेगाने चाललेला होता. वळणे असलेल्या फेरीवर, शिवाय हंगामाच्या सुरुवातीला जेव्हा निम्म्या स्वारांनी कित्येक महिने कोणाचे चाक धरलेले नसते, तेव्हा तसा दाट घोळका मागच्या टोकाला जेमतेम काही मिनिटे मिळतो.

आता जागेविषयी. पहिल्या पाचांत राहू नका, तिथे वारा खावा लागतो. आठवी ते विसावी जागा उत्तम. ती टिकवायची असेल तर सतत थोडे पुढे सरकत राहावे लागते, कारण कडेने येणारा प्रत्येकजण मधल्याला मागे ढकलत असतो. नुसते स्थिर राहिलेला स्वार दोन फेऱ्यांत शेवटाला जातो. पुढे जायचे ते वेग मंदावतो तेव्हा, सरळ रस्त्यावर, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने, आणि शक्य तर कडेने वर जाणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या चाकामागून. वळणात आतल्या बाजूने घुसून जागा मिळवणारे स्वतः पडतात आणि दहाजणांना पाडतात. आणखी एक, त्या चिखलाच्या ठिपक्याकडे पाहू नका. नजर पुढच्या स्वाराच्या खांद्यावरून तीन-चार स्वार पुढे ठेवा. समोरचे चाक नजरेच्या कडेला आपोआप दिसत राहते, आणि वळणाआधी ब्रेक लागणार आहेत हे फ्रीव्हीलच्या आवाजाच्या आधी कळते.

निळी सायकल

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे, फक्त महिलांच्या शर्यतींतला एक फरक सांगावासा वाटतो. आमच्या गटात हंगामाच्या सुरुवातीला बहुधा वीस-पंचवीसजणीच असतात, त्यामुळे लपायला घोळकाच नसतो. विसावी जागा म्हणजे शेवटची जागा.

अशा लहान गटात वळणांपेक्षा मला बाजूच्या वाऱ्याने जास्त शिकवले. वारा उजवीकडून असेल तर आडोसा पुढच्या चाकाच्या थेट मागे नसतो, तो तिच्या डाव्या बाजूला थोडा मागे असतो. म्हणून सगळ्याजणी तिरक्या रांगेत येतात, आणि ती तिरकी रांग रस्त्याच्या रुंदीत मावेल तेवढीच लांब असू शकते. रस्ता आठजणींना पुरला, तर नववी डाव्या कडेला, खडीच्या रेघेवर, कोणाच्याही आडोशाशिवाय चालवते, आणि तिच्या मागच्या सगळ्यांची तीच गत होते. माझ्या दुसऱ्याच शर्यतीत मी ती नववी होते. हँडलचा खालचा भाग धरून, डोके खाली घालून, मी तीन किलोमीटर कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालवले. मग माझ्या पुढचीचे चाक सुटले आणि तिच्याबरोबर माझीही शर्यत संपली. आता मोकळ्या रस्त्यावर निघायच्या आधी, झाडांचा आडोसा असतानाच, मी पहिल्या सहांत जाते. वारा लागल्यावर पुढे जाणे जवळजवळ अशक्य असते.

तुम्ही सरावाविषयी विचारले आहे. आम्ही चौघीजणी आठवड्यातून एकदा मोकळ्या मैदानात गवतावर सायकली चालवतो आणि जाणूनबुजून एकमेकींना कोपर, खांदा लावतो. वेग कमी असतो, पडले तरी लागत नाही. पहिल्या दिवशी कोणाचा स्पर्श झाला की अंग आक्रसत असे. महिनाभरात ते थांबले. शर्यतीत जागा सोडायची सवय अंगातूनच जावी लागते, ती ठरवून जात नाही.

चढाई

थंडीचा मुद्दा धाग्यात ओझरता आला आहे, पण सुरुवातीच्या शर्यतींत तो लहान नसतो. थंड हवा दाट असते. ५ अंशांना ती ३० अंशांच्या तुलनेत सुमारे ९ टक्के अधिक दाट असते, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये उन्हाळ्याचा वेग मिळत नाही, आणि एकटे पडल्यावर तर तो फरक फार जाणवतो. थंड स्नायू जोर कमी देतात, त्यामुळे नेमके ते वळणानंतरचे आठ सेकंद महाग पडतात. शर्यतीआधी वीस मिनिटे हलके चालवून, त्यात मिनिटा-मिनिटाचे दोन-तीन जोरदार टप्पे घ्या आणि आरंभरेषेवर अखेरच्या क्षणापर्यंत अंगावर जाड जाकीट ठेवा.

हातांकडे विशेष लक्ष द्या. बधिर बोटांनी ब्रेक उशिरा लागतो आणि एकदम लागतो. १९८० च्या लिएज–बास्तोन–लिएज शर्यतीत बर्फ पडत होता, १७४ जण निघाले आणि २१ जणांनी ती पूर्ण केली. जिंकणाऱ्या बर्नार इनोच्या दोन बोटांची संवेदना त्या दिवसानंतर पूर्वीसारखी झाली नाही. आपल्या शर्यती त्या तोलाच्या नसतात, पण बोटे तीच असतात. मी जेलच्या पाकिटांची टोके घरूनच अर्धी फाडून नेतो. थंडीत तहान लागत नाही आणि खाण्याचे भानही राहत नाही, म्हणून दर पंचवीस मिनिटांनी काहीतरी पोटात जाईल असा गजर घड्याळात लावलेला असतो. दीड तासाच्या शर्यतीला ताशी साठ ग्रॅम कर्बोदके पुरतात.

दूरचा रस्ता

मी थोडे वेगळे मत मांडतो. वीस वर्षे शर्यती केल्यावर मी हंगामाच्या पहिल्या महिन्यात उतरायचे सोडून दिले आहे. सगळेच घाबरलेले असतात, सगळ्यांनाच हिवाळ्याची मेहनत दाखवायची असते, रस्त्यावर वाळू आणि ओल असते. माझे खांद्याचे हाड अशाच एका पहिल्या शर्यतीत, दुसऱ्याच फेरीत मोडले आणि संपूर्ण उन्हाळा गेला. व्यावसायिकांनाही हा काळ सोपा नसतो. मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीस शर्यतीत पडून आंद्रेई किविलेव्हचा मृत्यू झाला, त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि त्यानंतर त्याच वर्षी हेल्मेट सक्तीचे झाले.

घोळक्यात चालवणे शिकायचे असेल तर ओळखीच्या वीसजणांच्या गटात, नियम ठरवून, आठवड्यातून दोनदा चालवावे. शर्यत ही शिकण्याची जागा आहे असे मला वाटत नाही. धागाकर्त्यांनी तीन शर्यतींत जे मिळवले ते दोन महिन्यांच्या अशा सरावात कमी धोक्यात मिळाले असते.

सातवा गिअर

धोक्याविषयी तुमचे म्हणणे मान्य आहे, आणि गटात चालवण्याला पर्याय नाही हेही मान्य. पण ओळखीच्या गटात कोणी तुमची जागा घ्यायला येत नाही. तिथे चाक धरणे शिकता येते, चाक राखणे नाही. मिलान–सानरेमो ही व्यावसायिकांची शर्यत जवळजवळ तीनशे किलोमीटरची आहे, आणि तीही पोज्जो या अखेरच्या चढाच्या पायथ्याशी पहिल्या वीसांत असण्यावर पुष्कळशी ठरते. तो चढ ३.७ किलोमीटरचा आहे, माथ्यापासून शेवटची रेषा साडेपाच किलोमीटरवर आहे, आणि चढाच्या तोंडाशी चाळिसावा असलेला स्वार कितीही दमदार असला तरी त्याला पुढच्यांपर्यंत पोहोचायला रस्ताच उरत नाही. म्हणून त्या चढाआधीची काही किलोमीटर संपूर्ण संघ एकेका जागेसाठी झुंजतात. ती झुंज मैत्रीच्या गटात उभी करता येत नाही.

मागचे चाक

सर्वांचे मनापासून आभार. ज्यूलचे ते दोन आकडे मी कागदावर लिहून ट्रेनरसमोर लावले आहेत.

दूरचा रस्ता, तुमचा मुद्दा मी गांभीर्याने घेतला. दुसऱ्या शर्यतीत माझ्यासमोर तिघे पडले होते आणि मी वाचलो तो केवळ रस्त्याच्या कडेला मोकळी जागा होती म्हणून. ओल्या रस्त्यावरच्या शर्यती मी यंदा सोडणार आहे आणि टायरमधली हवाही कमी केली आहे. पण हंगामाची सुरुवात संपूर्ण सोडवत नाही, कारण हिवाळ्यात मी काय शिकलो नव्हतो हे मला तिथेच कळले.

सरावही बदलला आहे. वीस मिनिटांच्या टप्प्यांपैकी एक काढून टाकला आणि त्याजागी आठ सेकंद पूर्ण जोर, बावन्न सेकंद मध्यम ताकद, असे वीस वेळा, आठवड्यातून एकदा. पहिल्यांदा अकराव्या वेळेलाच पाय भरून आले आणि मला चौथ्या फेरीतले ते तिसरे वळण आठवले. गेल्या आठवड्यात वीस पूर्ण झाले. रविवारी सकाळी दोन मित्रांबरोबर गवतावर खांद्याला खांदा लावून चालवायलाही सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी मी दोनदा पडलो, मित्र एकेकदा.

काल चौथी शर्यत झाली. सातव्या फेरीत डाव्या बाजूने एकजण आला, त्याचे कोपर माझ्या कोपराला लागले आणि त्याने आत येण्यासाठी हँडल किंचित वळवले. मी पेडल थांबवले नाही, ब्रेकला बोट लावले नाही, सरळ रेघेत चालवत राहिलो. तो क्षणभर माझ्या बरोबरीने चालला, मग मागे जाऊन माझ्या चाकावर आला. मी चौदावा आलो.